उभी गाडी: जागेवर सुरू करणं वेगळं, चालवून आणणं वेगळं

गावी किंवा मुलांकडे परदेशात महिना-दोन महिन्यांसाठी निघताना माणसं गाडीची किल्ली शेजाऱ्याकडे नाहीतर वॉचमनकडे ठेवतात आणि बजावतात, "आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवा हं." सोसायटीच्या ग्रुपवर दर मे महिन्यात हाच सल्ला फिरतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण गाडी जागेवर सुरू करणं आणि गाडी चालवून आणणं या दोन गोष्टी त्यात एक धरलेल्या असतात. त्यांचे परिणाम वेगळे आहेत, काही बाबतींत तर अगदी उलटे.

चालवून आणणं म्हणजे काय हे सांगायला नको. फक्त एवढंच, की ते निदान अर्धा-पाऊण तास आणि मोकळ्या रस्त्यावर हवं. पुण्याहून खेड शिवापूरपर्यंत जाऊन येणं यात बसतं, लक्ष्मी रोडला संध्याकाळी मारलेली चक्कर बसत नाही.

घोळ होतो तो जागेवर सुरू करण्यात, म्हणून त्याचा हिशेबच मांडतो. गाडी बंद असतानाही थोडा करंट खात असते: अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ, कंट्रोल युनिटं. गाडीत काही बिघाड नसला तरी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. आपण ३० धरू. म्हणजे आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-तास (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात) गेले. छोट्या हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. वायरिंगला जीपीएस ट्रॅकर किंवा पार्किंग मोडवर चालणारा डॅशकॅम जोडलेला असेल, तर खर्च आणखी वाढतो.

आता ती दहा मिनिटं. "सेल मारण्यातच बॅटरी जाते" असं काही जण सांगतात, तेही चूक आहे. स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर ओढतो खरा, पण सेकंद-दोन सेकंदच. त्यात एक दशांश अँपिअर-तासाच्या आसपास खर्च होतो. अडचण भरण्याच्या बाजूला आहे. जागेवर, हजाराच्या आतल्या आरपीएमवर, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, पूर्ण ताकदीने चालत नाही. जे देतो त्यातलंही काही इंजिन, पंखा आणि एसी लावला असेल तर एसी खातो. बॅटरीला दहा अँपिअर मिळाले असं उदारपणे धरलं, तरी दहा मिनिटांत दीड-पावणेदोन अँपिअर-तास होतात. गेले पाच, आले पावणेदोन. दर आठवड्याला तूट साचत जाते आणि दोन महिन्यांनी, इतक्या निष्ठेने सुरू करूनही, बॅटरी बसण्याच्या बेतात येते. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि तिची क्षमता कायमची घटते.

यात फसवतो तो मीटर. गाडी बंद केल्या केल्या बॅटरीला मीटर लावला तर १२.८ व्होल्ट दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तो वरवरचा चार्ज असतो. रात्रीच बॉनेटचा खटका ओढून ठेवा, रात्रभर तशीच ठेवून सकाळी दार न उघडता, नुसतं बॉनेट उचलून मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी.

बॅटरीचं सोडा, इंजिनाचं नुकसान मला जास्त खुपतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये तेच पाणी साचतं. पाइपाच्या टोकातून थेंब गळताना दिसतात ते हेच. वीस-तीस किलोमीटर चालवलं तर सायलेन्सर तापून ते उडून जातं. दहा मिनिटांत बंद केलं तर आतच राहतं आणि पत्रा आतून गंजतो. ऑइलचंही तसंच. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं लोक समजतात, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑइल तापायला बराच जास्त वेळ लागतो, आणि तोवर त्यात पाणी आणि न जळलेलं इंधन मिसळत राहतं. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर हा उद्योग मुळीच करू नका: जागेवर चालवून धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी भरत जाते आणि ती जाळण्याइतकी उष्णता कधी तयारच होत नाही.

टायर, ब्रेक, गिअरबॉक्स यांना तर जागेवर सुरू केल्याचा पत्ताही लागत नाही. चाक फिरलंच नाही, तर टायर त्याच जागी दबणार आणि डिस्कवर गंज चढणार.

तेव्हा माझं मत ठाम आहे. लायसन्स असलेला, भरवशाचा माणूस दोन आठवड्यांतून एकदा गाडी नीट फिरवून आणणार असेल, तर उत्तम. (लायसन्स नसलेल्याच्या हातून ठोकली गेली, तर विम्याचा क्लेम अडकतो.) असं कोणी नसेल, तर किल्ली कोणालाच देऊ नका आणि गाडीला हात लावू नका. बॅटरी दोन-तीन वर्षांच्या आतली असेल तर तीन आठवडे गाडी बहुतेक काही न करता निघते. त्याहून जास्त दिवस असतील तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. बहुतेक गाड्यांत दहाचा पाना पुरतो. काळी वायर काढायची, लाल नाही, आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला वळवायची. त्याआधी डिकी बंद करा, किल्ली दारात घालून कुलूप लागतं का पाहा, कारण मग रिमोट चालणार नाही. परतल्यावर घड्याळ आणि काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागतं, बस्स. पुश-बटण, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर आधी मॅन्युअल बघा.

बाकीचं थोडक्यात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. हँडब्रेक लावू नका, पावसाळ्यात मागचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि चाकांना विटा लावा. पेट्रोलची काळजी काही आठवड्यांसाठी नको. धुऊन, पूर्ण वाळवून मगच कव्हर घाला, आणि ते प्लॅस्टिकचं नको: आत ओल कोंडून रंगाला डाग पडतात. ग्लव्हबॉक्समधले शेंगदाणे, बिस्किटं काढून घ्या, नाहीतर उंदीर आधी ती खातील, मग वायर.

परत आल्यावर सेल मारायच्या आधी बॉनेट उघडून घरटं, कुरतडलेल्या वायरी आहेत का ते बघा. पार्किंगमधून निघताना पहिले चार-पाच ब्रेक हळू दाबा. डिस्कवरचा गंज खरखर करत निघून जाईल. टायर दबल्याची थरथर काही किलोमीटरमध्ये जाते. दुसऱ्या दिवशीही राहिली तर टायरवाल्याला दाखवा.