श्रमदान आणि नागरिकशिक्षण: गल्लत नेमकी कुठे होते

राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर कसे असते, हे महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे: दत्तक गाव, सात दिवसांचा मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि दोन वर्षांत मिळून 240 तासांची नोंद. 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या या योजनेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच शिबिरांच्या अहवालांत हमखास आढळणारे ‘विद्यार्थ्यांना नागरिकत्वाचे धडे मिळाले’ हे वाक्य मला खटकते. धडे सेवेचे मिळालेले असतात. नागरिकत्वाचे बहुधा राहूनच जातात.

नागरिकशिक्षण वर्गात चालते, श्रमदान गावात. एकाला परीक्षा असते, दुसऱ्याला प्रमाणपत्र. हे फरक वरवरचे आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 51क मधील 11 मूलभूत कर्तव्ये पाठ करून घेणे यालाही मी नागरिकशिक्षण मानत नाही.

गावातील तुंबलेले गटार घ्या. सेवा करणारा ते उपसतो, आणि ते उपसलेच पाहिजे. मात्र नागरिकशिक्षण तिथून पुढे सुरू होते: हे गटार वाहते ठेवणे कोणाचे काम आहे, त्यासाठी पैसा आला होता का, आणि आला असल्यास तो कोणत्या ठरावाने कुठे खर्च झाला? 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे फक्त पाणी व स्वच्छतेसाठी राखून ठेवली होती. तिच्यातून कोणती कामे धरली, हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात पाहता येते. आराखडा दाखवला गेला नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो आणि त्याला सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. आपण खराटा तेवढा उचलला.

सर्वांत जास्त निसटणारी गोष्ट याहून साधी आहे. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक, आणि शिबिरार्थी त्या गावचे नसतात. सेवा कोणत्याही गावात जाऊन करता येते, पण ग्रामसभेत ठराव मांडण्याचा हक्क स्वतःच्याच गावी बजावावा लागतो. दत्तक गावात माहिती कशी मिळवायची ते शिकावे, मिळालेली माहिती ग्रामस्थांच्या हाती द्यावी आणि मग वयाची 18 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रामसभेला बसावे, असा क्रम मला योग्य वाटतो. योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्या उपस्थितीचे तासही 240 मध्ये धरावेत, आणि अहवालात किती फूट गटार उपसले याच्या शेजारी त्याच गटारासाठी मंजूर झालेली रक्कमही लिहून घ्यावी.