पार्श्वभूमी : २ डॉलर १३ सेंट आले कुठून?

अमेरिकेत बिलावर १८ ते २० टक्के टिप ठेवायची असते, हे आता तिकडे मुलांकडे चार महिने राहून आलेल्या आईवडिलांनाही सांगावे लागत नाही. त्या टिपमुळे नेमका कोणाचा खर्च वाचतो, हे मात्र बिलावर दिसत नाही. त्याचे उत्तर ‘टिप क्रेडिट’ या दोन शब्दांत आहे.

शब्द फसवा आहे. ‘क्रेडिट’ म्हटले की वेटरच्या खात्यात काही जमा होत असेल असे वाटते. प्रत्यक्षात जमा होते मालकाच्या बाजूला. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. त्यातले मालकाने पगार म्हणून द्यायचे फक्त २.१३, उरलेले ५.१२ गिऱ्हाइकांच्या टिपमधून वळते करायची त्याला मुभा आहे. आपल्याकडे उचल मजुरीतून वळती होते, तसे. फरक असा की इथे कामगाराने उचल घेतलेलीच नसते. तासाचे पहिले ५.१२ डॉलर पुरे होईपर्यंत टिपने वेटरची कमाई वाढत नाही, मालकाचे देणे कमी होते. बक्षिसी म्हणजे पगाराच्या वरचे, हा आपला अर्थ इथे चालत नाही.

टिपला खुद्द अमेरिकेत एके काळी कडवा विरोध होता. १९०९मध्ये वॉशिंग्टन राज्याने ती कायद्याने बंद केली, पुढे आणखी पाच राज्यांनी केली. १९२६पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना तुटपुंज्या पगारावर ठेवून बाकीचे प्रवाशांच्या मर्जीवर सोडायचे, ही रीत त्याआधीच रुळली होती. १९३८च्या किमान वेतन कायद्याने हॉटेल-रेस्टॉरंटांतल्या बहुतेक कामगारांना बाहेरच ठेवले.

१९६६च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतले, पण त्याच दुरुस्तीत टिप क्रेडिटही आले : किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत. हे प्रमाण १९८०पर्यंत ४० टक्क्यांवर उतरवले गेले आणि १९९१मध्ये पुन्हा ५० टक्क्यांवर नेले. तेव्हा किमान वेतन ४.२५ होते. त्याचे निम्मे २.१२५, म्हणून २.१३.

इथपर्यंत निदान प्रमाण तरी होते. किमान वेतन वाढले की वेटरचा पगारही वाढायचा. १९९६च्या कायद्याने ती गाठ सोडली. किमान वेतन ४.७५ आणि मग ५.१५ झाले, पण २.१३ हा आकडा तिथेच गोठवला. हा कायदा लहान उद्योगांना करसवलती देणाराही होता. वेतनवाढ आणि मालकांची सोय एकाच गाठोड्यात बांधली गेली. पुढे २००९मध्ये किमान वेतन ७.२५ झाले, तरी २.१३ हलले नाही. निम्म्याचा नियम टिकला असता तर आज तो आकडा ३.६३ असता. या साऱ्या इतिहासातला सर्वांत अन्यायकारक निर्णय हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असे कायदा सांगतो. पण हिशोब आठवड्याचा असतो. ३० तासांचे किमान वेतन २१७.५० डॉलर, त्यात मालकाचे ६३.९०. टिप १५३.६० झाली की मालक मोकळा. सोमवारी दुपारी पाच तासांत १२ डॉलर मिळाले, तरी शनिवारची रात्र तो खड्डा बुजवते. शिवाय टिपवरचा करही याच ६३.९०मधून कापला जातो, त्यामुळे पगाराचा चेक कित्येकदा शून्याचा निघतो.

सर्रास होणारी चूक ओव्हरटाइमची. २.१३ची दीडपट करून ३.२० देतात. ते चुकीचे आहे. दीडपट पूर्ण किमान वेतनाची करायची, म्हणजे १०.८८, आणि त्यातून ५.१२ वजा करायचे : ५.७६. दुसरी चूक कपातीची. पूर्ण क्रेडिट घेतले असेल तर वेतन किमान पातळीवरच धरलेले असते. म्हणून पैसे न देता गेलेल्या गिऱ्हाइकाचे बिल किंवा फुटलेल्या बशा वेटरच्या पगारातून कापता येत नाहीत.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिटच नाही. रेस्टॉरंटे तिथेही चालतात. मालक पूर्ण किमान वेतन देत असेल, तर २०१८पासून स्वयंपाकी आणि भांडी घासणाऱ्यांनाही टिपच्या वाटपात घेता येते. क्रेडिट घेतले तर नाही. टेबले पुसणे, काटेचमचे गुंडाळणे अशा जोडकामांवर २.१३च्या दराने किती वेळ राबवावे, याची २० टक्क्यांची मर्यादा १९८८पासून अनेकदा बदलली. तिचे शेवटचे रूप २०२४मध्ये अपील न्यायालयाने रद्द केले.

२०२५च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांत २५,००० डॉलरपर्यंतची टिप करपात्र उत्पन्नातून वजा करू दिली आहे. सामाजिक सुरक्षा (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांची कपात मात्र चालूच राहते. मोठ्या गटाच्या बिलावर रेस्टॉरंट आपणहून लावते ते १८ टक्के या सवलतीत बसत नाहीत. गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नसेल, तर कर खात्याच्या लेखी ती टिप नसून सेवाशुल्क असते, आणि त्यातले किती वेटरपर्यंत पोचवायचे हे केंद्रीय कायद्याने मालकावर सोडले आहे.