थंबनेलवरचे चार शब्द: भिंतीवरच्या रंगापासून मोबाइलपर्यंत

जळगाव-धुळ्याकडचं अहिराणी गाण्यांचं किंवा शेतीचं कुठलंही यूट्यूब चॅनल उघडा. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्रावर, पिवळी ठसठशीत अक्षरं, त्यांना काळी किनार, मागे लाल पट्टा हे जवळपास ठरलेलं. हे वळण यूट्यूबचं नाही, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं आहे.

चुना दिलेल्या भिंतीवर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात रंगवताना पेंटर खडू लावलेली दोरी ताणून आधी दोन रेघा उठवायचा. वरची शिरोरेषेची, खालची अक्षराच्या पायाची. वेलांट्या, मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जागा सोडायची. अक्षर भरून झालं की भोवती गडद किनार आणि एका बाजूला सावली. धावत्या एसटीतून वाचायचा मजकूर तो, रंग विटला तरी किनारीमुळे अक्षराचा आकार शाबूत राही. वाक्य बहुधा नसेच, नाव आणि एखादं विशेषण भागवून नेई.

चित्र आणि अक्षर एकाच चौकटीत बसवणं सिनेमाच्या पोस्टरनं शिकवलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ मधलं पोस्टर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत मोजलं जातं. त्यानंतरची अनेक दशकं पोस्टरवर चेहरा मोठा आणि नाव त्याच्या अंगावरून, अशीच मांडणी चालली.

बिघाड फ्लेक्सनं केला. हातानं रंगवताना प्रत्येक अक्षराला मेहनत पडे, संगणकावर अक्षर वाढवायला काहीच लागेना. मग दहा बाय वीस फुटांवर शुभेच्छुकांची अख्खी यादी आली आणि प्रत्येक भाऊ-दादाचा फोटोही. चौकात उभं राहून वाचणाऱ्याला ते खपतं. तीच मांडणी व्हीसीडीच्या वेष्टनावर उतरली. मालेगावात शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला आणि गावातल्या गावात सिनेमा करायची वाट पडली. पुढे ही मंडळी यूट्यूबवर आली तेव्हा थंबनेल करून द्यायला फ्लेक्सवालाच हाताशी होता.

खुद्द यूट्यूबवर सुरुवातीच्या काळात थंबनेल ‘लिहायची’ सोयच नव्हती. व्हिडिओतल्या तीन फ्रेम यंत्र काढून देई, त्यातली एक निवडायची. मधली फ्रेम बरोबर मध्यावरची असते हे कळल्यावर काहींनी तिथेच क्षणभर वेगळं चित्र घुसवायला सुरुवात केली. स्वतःचं चित्र चढवायची मुभा आधी भागीदार चॅनलांना आणि मग खातं पडताळलेल्या सर्वांना मिळाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि खेड्यातला बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर आला.

इथे फ्लेक्सची मांडणी उघडी पडली. थंबनेल १२८० × ७२० पिक्सेलचं करतात, पण सुचवलेल्या व्हिडिओंच्या रांगेत ते १६० पिक्सेल रुंदीचंही उरू शकतं, म्हणजे आठवा हिस्सा. तिथे अक्षराचं अंग २० पिक्सेल हवं असेल तर मूळ चित्रात १६० धरावं लागतं. वरची वेलांटी आणि खालचा उकार मिळून एक ओळ २६०-२८० खाते, म्हणून दोनच ओळी बसतात. एक तृतीयांश जागा चेहऱ्याला गेली की उरलेल्या साडेआठशेत ओळीला पाच-सहा अक्षरं मावतात. थंबनेलवर चारच शब्द ठेवायची मर्यादा या हिशेबातून आली आहे. उजवा खालचा कोपरा व्हिडिओच्या वेळेची चौकट झाकते, तिथे भाव लिहिला तर शेवटची शून्यं गडप.

शब्द निवडतानाही उंची बघावी लागते. ‘संपूर्ण’मध्ये वर अनुस्वार आणि रफार, खाली दीर्घ ऊकार. तिन्हींना जागा दिली की अक्षराचं अंग बारीक होतं. ‘भाव’ला वर-खाली काही नाही, तो त्याच चौकटीत कितीतरी मोठा दिसतो. ‘केळी उत्पादक शेतकऱ्यांसाठी करपा नियंत्रणाची संपूर्ण माहिती’ हे शीर्षकात ठेवावं. थंबनेलवर पिवळ्या रेघा पडलेलं पान आणि ‘करपा? हे फवारा’ एवढं बस झालं. शीर्षकच पुन्हा चित्रावर छापणं म्हणजे जागेची नासाडी.

किनार मात्र जपून. देवनागरीत भ-म, ध-घ, थ-य या जोड्या शिरोरेषेतल्या बारीक फटीवर वेगळ्या राहतात. किनार अक्षराच्या आत शिरली की फट बुजते: ‘भाव’चा ‘माव’, वांग्याच्या ‘भरीत’चं ‘मरीत’. किनार बाहेरच्या बाजूनंच द्यायची, १० ते १४ पिक्सेल. अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. बाजारभावात देवनागरी १ आणि ९ लहान आकारात एकसारखे दिसतात. तिथे इंग्रजी आकडे वापरणारे चॅनलवाले शहाणे.

फॉन्टचा घोळ जुन्या डीटीपीचा, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीचा, वारसा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीतला, नाही. वेलांटी अक्षराच्या मागे गेली किंवा पायमोडका हलन्त दिसला तर दोष मजकुरात नसतो, सॉफ्टवेअरला अक्षरजोडणी जमलेली नसते. फोटोशॉप आणि प्रीमिअरच्या जुन्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत. त्यांचं सर्वांत जाड वजन घ्यावं.

भाषेचा कौल चॅनलनुसार. गाण्याला अहिराणीच हवी, ‘शे’ (म्हणजे ‘आहे’) दिसला की माणूस ओळखतो. शेतीच्या चॅनलला विदर्भ-मराठवाड्यातला प्रेक्षकही असतो, तिथे ‘आहे’सुद्धा गाळून नुसतं नाम ठेवलेलं बरं.

डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबनं भारतासाठी जाहीर केलं की शीर्षक किंवा थंबनेल जे कबूल करतं ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या बातम्यांत, तर व्हिडिओ काढला जाईल. त्याच वर्षी तीन थंबनेलांची तुलना करायची सोय आली. तिथे विजेता क्लिकवर ठरत नाही, कुठल्या थंबनेलमुळे जास्त वेळ पाहिलं गेलं त्यावर ठरतो. तुलना करताना चेहरा, रंग आणि पार्श्वभूमी तीच ठेवून फक्त शब्द बदलावेत, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.