‘फ्लेक्सिबल’ म्हणजे वाकायचं कोणी? थोडी पार्श्वभूमी

तरुण पोरांना नोकरीत काय हवं असतं हा विषय निघाला की पगार, शिकायला मिळणं, बरा बॉस हे येतंच, त्यात शिरत नाही. खरा घोळ ‘फ्लेक्सिबल’ या शब्दाचा आहे.

हा शब्द आधी मालकांच्या बाजूचा. १९८०च्या दशकात मॅनेजमेंटवाले तो वापरायचे आणि अर्थ काय, तर मोजकी माणसं कायम ठेवा, बाकीची कंत्राटावर, काम आलं की बोलवा, संपलं की घरी पाठवा. आज पंचविशीतली मुलगी इंटरव्ह्यूत हाच शब्द काढते तेव्हा तिला म्हणायचं असतं की कधी आणि कुठे बसून काम करायचं हे थोडं मी ठरवणार. समोरचा मान हलवतो आणि दोघांनाही वाटतं आपलं जमलं!

घरून कामाची कल्पना तशी जुनी, १९७०च्या दशकात ट्रॅफिक आणि तेलटंचाईच्या निमित्ताने त्यावर बरंच बोलणं झालेलं, पण माणूस डोळ्यासमोर असल्याशिवाय साहेबांना चैन पडेना. ब्रिटनने २०१४ला सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लेक्सिबल कामाचा हक्क दिला असं सांगतात, पण तो नीट वाचला तर मागण्याचा हक्क आहे, मिळण्याचा नाही, आणि तोही तेव्हा २६ आठवडे नोकरी झाल्यावर. २०२४ला ती अट गेली, ‘मागण्याचा’ मात्र तसाच राहिला.

मग २०२० आलं. त्या वर्षी पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या कितीतरी जणांचा लॅपटॉप कुरियरनं आला, जॉइनिंग व्हिडिओ कॉलवर झालं, टीममधले लोक छातीच्या वर कसे दिसतात एवढंच माहीत. त्यांच्यासाठी घरून काम ही सवलत नव्हती, नोकरी म्हणजेच ते होतं. २०२१च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एका महिन्यात सुमारे ४५ लाख लोकांनी नोकऱ्या सोडल्या, तेव्हा कंपन्या गोड बोलत होत्या, नंतर बाजार थंडावला आणि ‘ऑफिसला परत या’चे मेल सुरू झाले. नवख्याला शेजारी बसूनच काम कळतं हे कारण दिलं जातं, आणि ते खोटं नाहीये, पण शेजारी बसायला गेलेल्या पोराचा सिनियर दुसऱ्याच शहरातून कॉलवर असेल तर तो शिकणार कोणाकडून? म्हणून मग कार्ड स्वाइप करायचं, एक कॉफी प्यायची, चार जणांना तोंड दाखवायचं आणि सटकायचं.

त्यात चार दिवसांचा आठवडाही याच शब्दाखाली घुसवतात. २०२२ला ब्रिटनमध्ये ६१ कंपन्यांनी पगार न कापता तो करून पाहिला, त्यातल्या ५६ कंपन्यांनी पुढेही चालू ठेवला, पण तिथे कामाचे तास कमी होतात, जागेचा त्याच्याशी संबंध नाही.

आता ऑफर लेटरवर ‘हायब्रिड’, म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून, असं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘कंपनीच्या गरजेनुसार बदल होऊ शकतो’. पोरं हल्ली ती ओळ पगाराच्या आकड्याआधी शोधतात.