बाथरूमच्या कोपऱ्यातला लांब पायांचा कोळी खरंच जगातला सगळ्यात विषारी?

"हा जगातला सगळ्यात विषारी कोळी आहे, पण दात इतके छोटे की माणसाला चावताच येत नाही" हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. छताला उलटा लटकणारा, लांब बारीक पायांचा, हात लावला की जाळ्यातच गरागरा थरथरणारा कोळी, तोच हा, फोल्कस. याच्या ३०० च्या वर जाती आहेत.

आता दातांचं बघू. ते साधारण पाव मिलिमीटरचे असतात, छोटेच, पण अमेरिकेतल्या ब्राऊन रेक्लूज कोळ्याचे दातही बऱ्यापैकी तसेच आखूड असतात आणि तो माणसाला चावतो की, म्हणजे "दात पोचत नाहीत" हे कारण तिथेच पडलं. २००४ मधे मिथबस्टर्स या टीव्ही शोमधे एकाने मुद्दाम हात पुढे केला, कोळी चावला पण, आणि काय झालं तर थोडीशी जळजळ, तीही पटकन गेली. याच्या विषाने माणूस मेल्याची नोंद कुठेही नाही.

मग ही अफवा आली कुठून? मला पटणारा अंदाज असा की ऑस्ट्रेलियात फोल्कस चक्क विषारी रेडबॅक कोळ्याला मारून खातो, ते बघून लोकांना वाटलं असणार हा त्याच्यापेक्षा जहाल. पण ती कमाल विषाची नाही हो, लांब पायांची! लांबूनच मागच्या पायांनी रेशीम फेकत शिकार गुंडाळायची, जवळ जायचं नंतर. जळमटं काढताना एखादा सुटला तर राहू दे, डास पण खातो.