मोटर घुरघुरते, एरियल हलत नाही

मामांच्या जुन्या गाडीत रेडिओ लावला की मागच्या मडगार्डमधून घुर्रर्र असा आवाज यायचा आणि काही सेकंदांत थांबायचा. रेडिओ लावला की आपोआप वर यायला हवं ते एरियल मात्र जागचं हलायचं नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल." मामा पैसे द्यायलाही तयार झाले होते. मी म्हटलं, "मामा, मला एक रविवार द्या."

त्या आवाजातच निदान होतं. मोटर फिरतेय म्हणजे फ्यूज, वायरी आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) ठीक आहेत. तुटलंय ते मोटर आणि एरियलच्या मधलं काहीतरी. आवाजच आला नसता तर आधी फ्यूज पाहिला असता. मोटरसोबत कट-कट-कट ऐकू आलं असतं तर समजावं की एरियलची कांडी वाकली आहे किंवा मातीने अडकली आहे, आणि मोटर जळू नये म्हणून आतला क्लच घसरतोय.

अशा मोटरवर चालणाऱ्या एरियलच्या, म्हणजे पॉवर अँटेनाच्या, पोटात असतं तरी काय? एकात एक सरकणाऱ्या धातूच्या नळ्या, आणि सगळ्यांत आतल्या बारीक कांडीच्या बुडाला जोडलेली नायलॉनची दोरी. दोरीच्या एका अंगाला करवतीसारखे दाते असतात. ते मोटरच्या गिअरमध्ये बसतात. गिअर सुलट फिरला की दोरी वर सरकते, उलट फिरला की खाली येऊन एका गोल डबीत गुंडाळली जाते. दोरीने वस्तू ओढता येते, ढकलता येत नाही, हे आपण लहानपणापासून पाहतो. इथे मात्र ती कांडीला ढकलते, कारण अरुंद नळीत तिला वाकायला जागाच मिळत नाही.

वर्षानुवर्षं डबीत वेटोळी होऊन पडलेलं, उन्हात तापलेलं नायलॉन हळूहळू कडक होतं. रेडिओ लावताना एकदा आणि बंद करताना एकदा, असं रोज वाकून सरळ होताना त्यात बारीक चिरा पडतात, आणि एक दिवस ते तुटतं. म्हणजे महागडी मोटर धडधाकट असते आणि हातभर प्लॅस्टिक गेलेलं असतं. नुसती कांडी दोरीसकट सुटी मिळते. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे विचारावं, मुंबईत कुर्ल्याला तर हमखास. जुनी कांडी सोबत न्यावी, कारण दोरीची जाडी आणि दाते जुळायलाच हवेत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. वरचा खाचांचा नट सर्क्लिप पक्कडीने काढला, तर कांडी अलगद हातात आली. तिच्या टोकाला वीतभरच दोरी होती. उरलेली डबीतच होती! इथेच बरेच जण फसतात. जुना तुकडा आत ठेवून नवी दोरी घातली तर ती लगेच अडकते. डबी उघडून सगळे तुकडे वेचले. खालची पाणी निघायची नळी चिखलाने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. ती तुंबली तर पावसाचं पाणी कांडीवरून उतरून थेट मोटरमध्ये साठतं.

मग डबी बंद करून बॅटरी जोडली आणि मामांना रेडिओ लावायला सांगितलं. मोटर वरच्या दिशेने फिरून थांबली. नवी दोरी दाते गिअरकडे करून आत सारली आणि गिअरला टेकल्यावर म्हटलं, "मामा, आता बंद करा." मोटर उलटी फिरली आणि दोरी माझ्या बोटांमधून सर्रकन आत गेली. कांडी सरळ धरून ठेवली, नट आवळला. कांडीला ग्रीस मात्र लावलं नाही, त्यावर धूळ चिकटून पुन्हा तेच दुखणं येतं. सिलिकॉनचा फवारा फडक्यावर घेऊन पुसलं की पुरे.

विविध भारती 101 मेगाहर्ट्झवर खणखणीत लागली. 792 किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी पुणे मात्र खरखरीत बुडालेलं होतं. मला खरं कोडं इथे भेटलं.

101 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास 3 मीटर. तिचा चतुर्थांश म्हणजे सुमारे 75 सेंटिमीटर, आणि पूर्ण उघडलेलं एरियल साधारण तेवढंच असतं. गाडीचा पत्रा आरशासारखं काम करून एरियलचा उरलेला अर्धा भाग भरून काढतो. म्हणून बुडाशी गंज चढला, पत्र्याशी जोड सुटला, की एफएमही बिघडतं. 792 किलोहर्ट्झची लहर मात्र 379 मीटर लांब असते. तिचा चतुर्थांश म्हणजे जवळपास 95 मीटरचं एरियल कोणत्या गाडीवर लावणार? तिथे आपली कांडी सुमारे 10 पिकोफॅराडच्या कपॅसिटरसारखी (थोडा विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी) वागते आणि अगदी क्षीण संकेत पकडते. केबलही एक कपॅसिटरच, आणि ती त्या संकेतात वाटेकरी होते.

मागचं अस्तर काढलं तर पूर्वी कुणीतरी डिशची केबल जोडलेली दिसली. तिची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मीटरमागे साधारण 50 पिकोफॅराड, चार मीटरला 200. कांडीचे 10 धरून एकूण 210, त्यात कांडीचा वाटा फक्त 10, म्हणजे रेडिओपर्यंत संकेताचा जेमतेम विसावा हिस्सा पोचणार. एफएमला ही केबल चालून जाते, म्हणून चूक इतकी वर्षं लपली. गाडीच्या एरियलची केबल निराळीच असते. तिच्यात हवेशीर नळी आणि तिच्यातून गेलेली केसासारखी बारीक, नागमोडी तार असते, धारिता कमी राहावी म्हणून.

तशी केबल पुण्याच्या जुना बाजारात एका भंगार गाडीतून मिळाली. बसवल्यावर मल्टिमीटरने तपासलं. कांडीपासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत जोड होता, एरियलच्या बुडापासून पत्र्यापर्यंत रोध जवळपास शून्य होता, आणि कांडी व पत्रा यांच्यात काहीच जोड नव्हता. मामांनी बटण फिरवून 792 लावलं. संध्याकाळच्या बातम्या सुरू होत्या.