वॅफल रचना

वॅफल रचना : वक्र आकाराचे ठरावीक अंतरावर छेद घेऊन, ते सपाट तावातून फासळ्या म्हणून कापून, दोन दिशांच्या फासळ्या एकमेकींच्या खाचांत बसवून उभी केलेली जाळी. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात संगणकावरचा आकार प्रत्यक्ष हातात आणण्यासाठी हा अभ्यास फार उपयोगी पडतो. मोठ्या मापाचे ठळक उदाहरण म्हणजे स्पेनमधील सेव्हिलचे मेट्रोपोल पॅरासोल हे छत्र (२०११, वास्तुकार युर्गेन मायर). तिथली लाकडी जाळी १.५ × १.५ मीटरच्या चौकटीवर बेतलेली आहे. मात्र तिचे जोड खाचांवर नव्हे, लाकडात इपॉक्सी या गोंदाने बसवलेल्या पोलादी सळ्यांवर उभे आहेत.

राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या संगणक-प्रणालीतील ग्रासहॉपर या साधनात दोन फासळ्या जिथे छेदतात तिथे एक उभी रेषा मिळते. तिच्या मध्यापासून वरची खाच एकीला, खालची दुसरीला. इथवर सोपे आहे. खरी परीक्षा खाचेच्या रुंदीची.

३ मिमीचा म्हणून आणलेला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला ताव) व्हर्नियर या सूक्ष्म मोजपट्टीने मोजला की २.८ किंवा ३.१ भरतो. शिवाय ताव कापणारा लेझर स्वतः साधारण ०.१ ते ०.३ मिमी साहित्य खातो. याला कर्फ म्हणतात. ताव २.९ आणि कर्फ ०.२ असेल, तर आरेखनात खाच २.७ काढावी. त्याआधी त्याच तावाच्या तुकड्यावर २.६ ते ३.१ पर्यंत, ०.०५ च्या फरकाने अकरा खाचा कापून बघाव्यात. अंगठ्याच्या दाबाने बसते आणि उलटी धरली तरी सुटत नाही, ती खाच खरी. पावसाळ्यात एमडीएफ दमट हवेने फुगतो, म्हणून मे महिन्यातले माप जुलैत वापरू नये.

फासळ्या काटकोनात नसतील तर खाच रुंद लागते : जाडी t, फासळ्यांतला कोन θ, तर रुंदी t/sinθ + t/tanθ. ६० अंशांत ३ मिमीच्या फासळीला ५.२ मिमी. हे विसरले की फासळी शिरतच नाही आणि ठोकल्यावर खाचेच्या बुडाशी चिरते. कडेला आकार निमुळता होतो तिथेही खाचेखाली जेमतेम मान उरते व मोडते. तिथे फासळीची खोली वाढवावी.

सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरणी यंत्रावर) ६ मिमीचे बिट, म्हणजे फिरते पाते, आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडते, त्यामुळे फासळी तळाला टेकत नाही. यासाठी कोपऱ्यात जादा गोल छिद्र घेतात, त्याला डॉगबोन म्हणतात.

प्रत्येक फासळीवर क्रमांक कोरावा. जुळणीच्या वेळी सगळ्या सारख्याच दिसतात. पीव्हीसीचा ताव लेझरखाली कधीच घालू नये : त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुफ्फुसांना घातक असतो आणि यंत्राचे रूळ व आरसेही गंजवतो.